जुन्या कॉम्प्युटरला स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी

घरात दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर आहे. चालू होतो, पत्रं टाइप होतात, हिशेब होतात, फोटो बघता येतात. पण व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर घेतला की चित्र अडखळतं, आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात, कॅबिनेटमधला फॅन घोंगावायला लागतो. मग ओळखीतलं कोणीतरी सांगतं, ‘एखादं ग्राफिक्स कार्ड टाकून घे, पळायला लागेल.’

हा सल्ला मी अनेकांना दिला आहे, आणि तितक्याच लोकांना ‘थांबा, घेऊ नका’ असंही सांगितलं आहे. कार्ड टाकलं म्हणून अख्खा कॉम्प्युटर वेगवान होत नाही. कार्ड काही ठरावीक कामं प्रोसेसरकडून काढून स्वतःकडे घेतं. तुमचं मशीन नेमकं त्याच कामांत अडकत असेल, तर छोटंसं कार्डही त्याला आणखी चार-पाच वर्षं सहज चालवतं. ते दुसरीकडेच अडकत असेल, तर महागडं कार्ड टाकूनही फरक पडणार नाही. म्हणून आधी अडकतंय कुठे ते शोधायचं, आणि त्यासाठी स्क्रीनवर चित्र येतं कसं हे थोडं समजून घ्यायला हवं.

स्क्रीन म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला साधारण ४ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला सुमारे ८.३ मेगाबाइट. मॉनिटर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने मागतो. तुम्ही काहीही न करता नुसते स्क्रीनकडे बघत बसलात तरी मेमरीतून सेकंदाला जवळपास ५०० मेगाबाइट माहिती मॉनिटरकडे जात असते. फोर-के मॉनिटर असेल तर हाच आकडा चौपट, सुमारे २ गिगाबाइट. ही झाली तयार चित्र फक्त पोचवण्याची मजुरी. ते चित्र तयार करण्याचं काम वेगळं.

आता ही माहिती राहते कुठे? ज्या कॉम्प्युटरला वेगळं कार्ड नाही, त्यात चित्र काढणारा भाग एकेकाळी मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचा. इंटेलने २०१० मध्ये तो प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणला आणि २०११ च्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत थेट प्रोसेसरच्या चिपमध्येच मिसळून टाकला. आपण त्याला ऑनबोर्ड ग्राफिक्स म्हणतो. त्याच्याकडे स्वतःची मेमरी नसते, तो कॉम्प्युटरच्या रॅममधलाच एक तुकडा वापरतो. मशीनमध्ये मुळातच ४ जीबी रॅम असेल, तर त्यातला काही भाग असा जातो.

आणि जागेपेक्षाही वाटा पडतो तो वेगाचा. एका नळाला दोघांनी बादल्या लावाव्यात तसं होतं. प्रोसेसरला त्याच रॅममधून आपलं काम करायचं असतं आणि ग्राफिक्सलाही तिथूनच घ्यायचं असतं. डीडीआर३ जातीची १६०० वेगाची रॅम एकाच पट्टीत असेल, तर ती सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ गिगाबाइट माहिती देऊ शकते. दोन सारख्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की हा आकडा दुप्पट होतो, २५.६. जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडल्यावर मी सगळ्यात आधी हेच बघतो. एकच पट्टी दिसली तर पहिलं काम दुसरी लावण्याचं. कित्येकदा तेवढ्यानेच ऑनबोर्ड ग्राफिक्स नीट श्वास घेऊ लागतं, आणि रॅम वाढल्याचा फायदा बाकीच्या सगळ्या कामांनाही होतो.

म्हणून खरेदीआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडा आणि नेमकं जे अडकतं तेच काम सुरू करा. प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो आहे आणि त्या वेळी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला दिसतोय? मग दोष फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिथे एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क लावा. ग्राफिक्स कार्डाने त्यात तसूभरही फरक पडणार नाही. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर आहे? रॅम वाढवा. पण डिस्क निवांत आहे, रॅम शिल्लक आहे, आणि व्हिडिओ सुरू करताच प्रोसेसर मात्र ८०-९० टक्क्यांवर जातो, तर इथे कार्डाचा उपयोग आहे. का, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या घरगुती मशीनमध्ये कार्डाचं सगळ्यात मोठं काम हेच असतं.

व्हिडिओ इंटरनेटवरून जसाच्या तसा येत नाही. कच्चा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला शेकडो मेगाबाइट भरेल. तेवढं नेहमीच्या घरगुती कनेक्शनवरून येणं शक्य नाही. म्हणून तो आवळून पाठवतात आणि आपल्याकडे आल्यावर उलगडतात. आवळायच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. एच.२६४ ही २००३ ची. एचईव्हीसी आणि व्हीपी९ या दोन्ही २०१३ च्या. एव्ही१ ही २०१८ ची. पद्धत जितकी नवी, तितका व्हिडिओ लहान होतो आणि उलगडायला तितकं जास्त गणित करावं लागतं.

हे गणित करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे प्रोसेसरने स्वतः सगळं सोडवत बसायचं. दुसरा म्हणजे ग्राफिक्सच्या चिपमध्ये खास याच कामासाठी कोरलेला एक छोटा विभाग असतो, त्याच्याकडे काम सोपवायचं. हा विभाग तेच काम अगदी थोड्या विजेत, न तापता करतो. पण त्याला तो तयार झाला तेव्हाच्या पद्धतीच कळतात. २०११ चं ऑनबोर्ड ग्राफिक्स एच.२६४ झरझर उलगडतं. व्हीपी९ मात्र त्याच्या जन्मानंतरची, ती त्याला वाचताच येत नाही. इंटेलच्या बाजूने बघितलं तर १०-बिट (रंगांच्या जास्त छटांची) एचईव्हीसी आणि व्हीपी९ या दोन्ही पद्धती पूर्णपणे हाताळणारं ऑनबोर्ड ग्राफिक्स डेस्कटॉपवर आलं ते २०१७ च्या सातव्या पिढीत. यूट्यूब आज ब्राउझरला बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ मधला व्हिडिओ देतं. मग २०१२ च्या मशीनवर सगळा भार प्रोसेसरवर येतो, तो घामाघूम होतो आणि चित्र अडखळतं. बारा वर्षांपूर्वी याच मशीनवर याच साइटवरचे व्हिडिओ सुरळीत चालायचे. मशीन म्हातारं झालं म्हणून अडखळतंय असं आपल्याला वाटतं, पण ते पूर्वीइतकंच धडधाकट असतं, व्हिडिओची भाषा तेवढी बदललेली असते.

इथे एक फुकटातला उपाय आधी करून बघा. ब्राउझरला जोडायची काही एक्स्टेन्शन्स अशी आहेत, की ती यूट्यूबला एच.२६४ मधलाच व्हिडिओ द्यायला लावतात. जुन्या ग्राफिक्सला ती पद्धत येत असल्यामुळे प्रोसेसरचा आकडा झपकन खाली येतो. यात यूट्यूबवर १०८०पीच्या वरचा व्हिडिओ मिळत नाही, पण मॉनिटरच फुल एचडी असेल तर वरचा हवाय कशाला? एवढ्यावर भागत असेल तर कार्डाचा विषय इथेच संपला.

नाही भागलं, किंवा दुसरा मॉनिटर जोडायचा आहे, किंवा थोडे जुने खेळ खेळायचे आहेत, तर मग कार्डाकडे वळू. आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो अशी एक गोष्ट आहे. स्वस्त कार्डांच्या दुनियेत एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो.

एनव्हीडियाचं जीफोर्स जीटी १०३० घ्या. हे कार्ड २०१७ मध्ये आलं. ३० वॅट वीज खातं, वेगळी वायर लागत नाही, व्हीपी९ आणि १०-बिट एचईव्हीसी दोन्ही उलगडतं. जुन्या घरगुती मशीनसाठी अगदी नेमकं. त्यावर जीडीडीआर५ जातीची २ जीबी मेमरी होती, सेकंदाला ४८ गिगाबाइट वेगाची. पुढच्याच वर्षी याच नावाने दुसरं कार्ड आलं. चिप तीच, मेमरीही २ जीबीच, पण जात डीडीआर४. तिचा वेग सेकंदाला १७ गिगाबाइटपेक्षाही कमी. एक तृतीयांशाच्या आसपास. खेळात दोन्हींमधला फरक डोळ्यांना सहज जाणवतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात मात्र दोन्हीकडे तेच नाव आणि तेच २ जीबी. मघाचा आकडा आठवा: मदरबोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर तिथे २५.६ चा वेग आहे. तो प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावा लागतो हे खरं, तरीही नव्या कार्डाची स्वतःची मेमरी जुन्या रॅमपेक्षा धिमी असावी, ही गिऱ्हाइकाची सरळ फसगत आहे.

त्याआधीच्या जीटी ७३० ची तर आणखी गुंतागुंत. २०१४ मध्ये तो तीन रूपांत आला. एकात मागच्या पिढीची ९६ गणनकेंद्रांची चिप, बाकीच्या दोघांत ३८४ गणनकेंद्रांची. त्या दोघांतही एक डीडीआर३ वाला आणि एक जीडीडीआर५ वाला. आणि यातल्या धिम्या डीडीआर३ च्या कार्डांवर ४ जीबी असा भला मोठा आकडा छापलेला बऱ्याचदा दिसतो. घेणाऱ्याला वाटतं, २ पेक्षा ४ बरं. पण एवढ्या अशक्त चिपला ४ जीबी भरण्याइतकं काम उरकतच नाही. छोट्या टाकीला जाड पाइप असलेला बरा, मोठ्या टाकीला काडीएवढा पाइप काय कामाचा? म्हणून जीबीचा आकडा नंतर बघा. आधी मेमरीची जात वाचा. ‘जीडीडीआर’ असं लिहिलेलं हवं, नुसतं ‘डीडीआर’ असेल तर बाजूला ठेवा. खोक्याच्या पुढच्या बाजूला ते बहुतेक सापडत नाही, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतं.

जीटी ७१० आणि ७३० बद्दल अजून एक. दोन्ही दिसायला छान, काही तर बिनफॅनची, आवाजच नाही. पण त्यांना व्हीपी९ किंवा एचईव्हीसी उलगडता येत नाही. म्हणजे व्हिडिओ अडखळतो म्हणून हे कार्ड घेतलंत, तर दुखणं जिथल्या तिथेच राहील. शिवाय या पिढीच्या नव्या ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम एनव्हीडियाने २०२१ मध्ये थांबवलं. मॉनिटरला फक्त एक जास्तीचा पोर्ट हवा असेल, एवढ्यापुरतंच मी यांचं नाव घेईन.

मग सरळ नव्यातलं नवं छोटं कार्ड घ्यावं का? इथे उलटा घोटाळा होतो. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६४०० हे २०२२ चं कार्ड, ५३ वॅटचं, जीटी १०३० पेक्षा कितीतरी ताकदवान. पण ते मदरबोर्डशी बोलतं फक्त ४ लेनमधून. लेन म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधले रस्ते. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या आवृत्तीत एका लेनमधून सेकंदाला २५० मेगाबाइट जायचे, दुसऱ्या आवृत्तीत ५००, तिसऱ्या आवृत्तीत जवळपास १ गिगाबाइट आणि चौथ्या आवृत्तीत त्याच्या दुप्पट. हे कार्ड चौथ्या आवृत्तीच्या बोर्डासाठी बनवलंय. तिथे ४ लेन पुरतात. तेच दुसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर बसवलं, की ८ ऐवजी २ गिगाबाइटवर येतं. बसतं, चालतंही, पण खेळात गचके खातं. त्यात एव्ही१ उलगडायचा विभागही नाही. इंटेलचं आर्क ए३८० एव्ही१ उत्तम उलगडतं, पण त्याला ‘रिसायझेबल बार’ नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय बोर्डावर लागते आणि इंटेल स्वतः ते दहाव्या पिढीच्या किंवा पुढच्या प्रोसेसरबरोबर वापरायला सांगतं. सोय नसली की त्याची ताकद बरीच घटते. जुन्या मशीनला त्याच्या वयाच्या आसपासचं, चार-पाच वर्षांनी धाकटं कार्ड जास्त मानवतं, असा माझा अनुभव आहे.

आता मशीनचं झाकण उघडू. प्लग काढा, मग पॉवरचं बटण दोन-तीन वेळा दाबून आत साठलेली वीज उतरवा, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. गालिच्यावर बसून हे काम करू नका.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या खालच्या बाजूला एक लांब स्लॉट दिसेल, त्याच्या एका टोकाला छोटा खटका असतो. तो पीसीआय एक्सप्रेसचा १६ लेनचा स्लॉट. असे दोन दिसले तर प्रोसेसरच्या जवळचा निवडा. लांबचा दिसायला तेवढाच असला तरी आतून बहुतेक वेळा ४ लेनचाच जोडलेला असतो. आवृत्ती जुनी-नवी असली तरी कार्ड बसतं, दोघांत जी कमी त्या वेगाने चालतं. २००४ च्या आधीच्या मशीनमध्ये मात्र तिथे एजीपी नावाचा स्लॉट असेल. १९९७ मध्ये आलेली ही पद्धत कधीच बंद पडली, आजचं एकही कार्ड त्यात बसत नाही. त्या मशीनवर खर्च करू नका.

लांबीचं बघा, रुंदीचं बघा, पण सगळ्यात जास्त चुकतं ते उंचीचं. ऑफिसातून निवृत्त झालेली ती चपटी ब्रँडेड कॅबिनेटं असतात ना, त्यांत फक्त बुटकी कार्डं बसतात, ज्यांना लो-प्रोफाइल म्हणतात. कार्ड बुटकं असलं तरी त्याला लावलेली मागची पत्र्याची पट्टी उंच असू शकते. बुटकी पट्टी खोक्यात वेगळी दिलेली असते का, हे आधी विचारा. जुनं वापरलेलं कार्ड घेताना ती पट्टी नेमकी हरवलेली असते, आणि तिच्यावाचून कार्ड बसतच नाही.

विजेचा प्रश्न लोकांना जितका अवघड वाटतो तितका तो छोट्या कार्डांच्या बाबतीत नाही. या स्लॉटमधूनच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. जीटी १०३० चे ३० वॅट, २०१४ च्या जीटीएक्स ७५० टीआयचे ६०, २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआयचे ७५. ही सगळी याच मर्यादेत बसतात. जुना चार कोअरचा प्रोसेसर ६५ ते ९५ वॅटचा असतो, डिस्क, फॅन आणि बोर्ड मिळून आणखी ४०-५० धरा. ३० वॅटचं कार्ड घातलं तरी सगळं २०० वॅटच्या आत राहतं. ३०० वॅटचा सुस्थितीतला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) याला पुरून उरतो.

‘सुस्थितीतला’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या आकड्यात ४५० लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. त्याच स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही मुख्यतः याच लाइनवर जगतात. तिथे १४ अँपिअर असतील तर खरी ताकद १६८ वॅट, बाकी आकडा शोभेचा. आणि मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल, एसएमपीएसला जळका वास येत असेल, तर कार्डाआधी तो बदला.

काही १०५० टीआय कार्डांना वरून ६ पिनची वायर लागते. एसएमपीएसला ती नसली की डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला जोडायचं एक कन्व्हर्टर काढून देतात. हे कृपा करून करू नका. साटाच्या त्या जोडणीला १२ व्होल्टवर जेमतेम ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट झेपतात, आणि ६ पिनवरून कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. असे कन्व्हर्टर वितळून वायरी जळाल्याची उदाहरणं आहेत. त्याच मॉडेलमध्ये वायर न लागणारं कार्ड मिळतं, ते शोधा.

मॉनिटरची वायरही आधीच बघून ठेवा. जुन्या मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए असेल आणि कार्डाला एचडीएमआय आणि डीव्हीआय, तर डीव्हीआयला लावायचा तो छोटा पांढरा अ‍ॅडॅप्टर कामाचा नाही. नव्या कार्डांवरचं डीव्हीआय डीव्हीआय-डी प्रकारचं असतं, त्यात व्हीजीएचा सिग्नल येतच नाही. त्यासाठी एचडीएमआयमधून व्हीजीए तयार करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. उलट, फोर-के मॉनिटर घेतला असेल तर कार्डावर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवं. एचडीएमआय १.४ मधून फोर-के येतं, पण सेकंदाला ३० चित्रांचंच. माउसचा बाणसुद्धा घसटत चालल्यासारखा वाटतो.

कार्ड बसवायचं काम पाच मिनिटांचं आहे. स्लॉटसमोरची कॅबिनेटची पत्र्याची पट्टी काढा. काही कॅबिनेटमध्ये ती स्क्रूवर असते, काहींत वाकवून तोडावी लागते, तिची कड बोट कापते म्हणून जपून. कार्ड जाड असेल तर दोन पट्ट्या. कार्डाची सोनेरी कड हाताने धरू नका. पट्टीचं खालचं निमुळतं टोक बोर्ड आणि कॅबिनेटच्या पत्र्यामधल्या फटीत जाईल असं बघत कार्ड सरळ खाली दाबा. ‘टक’ असा आवाज आला, खटका वर आला, की बसलं. मग स्क्रू लावा. स्क्रू न लावता सोडलं तर मॉनिटरची जाड वायर कार्डाला हळूहळू ओढत राहते आणि महिन्याभराने ‘डिस्प्ले येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आणि आता ती चूक, जी मी स्वतः पहिल्यांदा केली होती. सगळं बसवलं, चालू केलं, स्क्रीन काळी. पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काळी. तासभर गेल्यावर लक्षात आलं, मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डच्याच पोर्टला होती. कार्ड दिसलं की बहुतेक बोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपणहून बंद करतात. वायर कार्डाच्या पोर्टला लावली आणि चित्र आलं.

वायर बरोबर असूनही डिस्प्ले येत नसेल, तर कार्ड काढून त्याची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका, पुन्हा बसवा. तरीही नाही, तर शंका बायोसची, म्हणजे मशीन चालू होताच बोर्डावर आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची. साधारण २०१२ च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांवर जुन्या पद्धतीचं बायोस असतं, आणि काही नवी कार्डं फक्त युईएफआय या नव्या पद्धतीलाच ओळख देतात. दोघं एकमेकांची भाषा न कळल्यासारखे गप्प बसतात. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्या मॉडेलसाठी नवं बायोस असेल तर ते आधी, जुन्या ऑनबोर्ड डिस्प्लेवरच टाकून बघा. म्हणूनच परत करता येईल अशा बोलीवरच कार्ड घ्या.

चित्र आलं, पण सगळं मोठं मोठं आणि फिकट दिसतंय? घाबरू नका. ड्रायव्हर नाही म्हणून विंडोज स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालतंय. ड्रायव्हर नेहमी चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर अपडेट करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम टाळा. ३२-बिट विंडोज असेल तर नवे ड्रायव्हर मिळणार नाहीत, २०१८ पासून दोन्ही मोठ्या कंपन्यांनी ते बंद केले. लिनक्स वापरत असाल तर एएमडीच्या कार्डाला बहुधा काहीच टाकावं लागत नाही, त्याचा ड्रायव्हर मुळातच लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतो. आणि कार्ड टाकलं म्हणून जुनं मशीन विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही. तिथे अडतं ते प्रोसेसरच्या पिढीवर आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयीवर.

वापरलेलं कार्ड घेतलं असेल, किंवा नवं असूनही फारच स्वस्त मिळालं असेल, तर ‘जीपीयू-झेड’ हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवा. बाजारात अशी बनावट कार्डं फिरतात, ज्यांत २०१०-११ च्या जुन्या चिपचं बायोस बदलून तिचं नाव १०५० टीआय करून ठेवलेलं असतं. विंडोज त्या नावावर विश्वास ठेवतं. हा प्रोग्रॅम चिपला थेट विचारतो आणि खोटं असेल तर नावाआधी तसं स्पष्ट लिहितो. मेमरीची जात आणि वेगसुद्धा तिथेच दिसतो. दुकानातून घरी आल्यावर पहिल्या दिवशी हे बघा, परत करायची मुदत संपल्यावर नाही.

आता सुरुवातीचाच अडखळणारा व्हिडिओ पुन्हा लावा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर खाली जीपीयू (म्हणजे ग्राफिक्सची चिप) अशी नवी ओळ आलेली दिसेल, विंडोज १० मध्ये ती २०१७ च्या शेवटी आली. तिच्यावर क्लिक केलं की ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख दिसतो. व्हिडिओ सुरू होताच तो आलेख थोडा वर जाऊन स्थिरावतो आणि वरचा प्रोसेसरचा आकडा खाली उतरतो. आलेख शून्यावरच राहिला, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का बघा. एका ओळखीच्या घरी हाच पर्याय कोणीतरी पूर्वी कधीतरी बंद केला होता. तो चालू केल्यावर फॅनचा घोंगावणारा आवाज आमच्या देखत हळूहळू शांत होत गेला. झाकण लावताना मी काढलेली पत्र्याची पट्टी तिथेच कॅबिनेटच्या तळाला चिकटपट्टीने चिकटवून ठेवली. पुढे कधी कार्ड काढावं लागलं तर ते भोक उघडं राहायला नको.